उसने हात

कुसुमताईंच्या हाताला दोष आहे, असं आमच्या प्रेस शॉपमध्ये अजून बोललं जातं. बोलणाऱ्यांत सगळ्यात पुढे कोण आहेत माहितीये? ज्यांनी त्यांच्यासमोर पंजा पसरून "ताई, माझा आधी काढा ना" म्हणून गयावया केली होती, तेच. मला या लोकांचा भयंकर राग येतो. मी रुपाली, पॅकिंगला असते. माझं टेबल प्रेस शॉपच्या अगदी तोंडाशी आहे, त्यामुळे जे झालं ते माझ्या डोळ्यांसमोर झालं. मला कुणी शिकवायला येऊ नये.

कुसुमताई मूळच्या परभणीकडच्या. लग्न होऊन चिखलीला आल्या तेव्हा नवरा, अर्जुनराव, दुकानांच्या पाट्या रंगवायचे. अक्षरं ते काढणार, आतला रंग ताई भरणार, असा दोघांचा संसार. पुढे फ्लेक्स आला, पाट्यांचं काम संपलं, आणि काही वर्षांनी अर्जुनरावही गेले. ताईंनी ब्रश खाली ठेवला नाही. अक्षरांत त्यांचा जीव कधीच रमला नव्हता, म्हणून त्या देवी काढायला लागल्या. देवळांच्या भिंती, टेम्पोच्या पाठी, नवरात्र मंडळांचे पडदे. चाकणच्या रस्त्यावर ट्रकच्या मागे जीभ बाहेर काढलेली काली दिसली की मी आधी सही बघते. निम्म्या वेळा ती ताईंचीच निघते.

त्यांना विचारलं की त्या सांगायच्या. "देवी म्हंजे सूचना असती बाई. तुमच्या कंपनीत भिंतीवर लावतात ना, तशी. कालीची जीभ कामून बाहेर हाय? रागाच्या भरात पाय कुणावर पडला ते तिला उशिरा कळलं, म्हणून तिनं जीभ चावली. चामुंडेचं पोट खोल गेलेलं असतं, कारण ती भूक कशानंच भरत न्हाई. बघणाऱ्यानं नुसतं हात जोडून पुढं जाऊ नये, वाचावं."

ताथवड्याच्या एका सोसायटीत त्यांनी प्रवेशदारापाशी लक्ष्मी काढली. कमळ, हत्ती, सगळं थाटात. फक्त लक्ष्मीच्या पायाशी एक काळसर जागा सोडली. सेक्रेटरी म्हणाला, रंग राहिलाय तिथे. ताई म्हणाल्या, "राहिला न्हाई. ती थोरलीची जागा हाय." समुद्र घुसळला तेव्हा लक्ष्मीच्या आधी तिची थोरली बहीण वर आली, अलक्ष्मी. हातात केरसुणी, सोबत कावळा. धाकटी जिथे जाते तिथे थोरली आधीच दारात येऊन बसलेली असते, तिला जागा दिली नाही तर ती आत येते, असं ताईंचं म्हणणं. सेक्रेटरीने दुसऱ्या दिवशी त्या जागेवर तुळशीची कुंडी ठेवली. ताईंना त्याचं हसू आलं. मला मात्र ती जागा पुढे बरेच दिवस आठवत राहिली.

आमच्या कंपनीत त्या आल्या त्या प्रेसमुळे. प्रेस म्हणजे पत्रा कापणारं मशीन. पत्रा हाताने आत ठेवायचा, बटण दाबायचं, वरून दणका बसतो. हात आत असला तर मशीन थांबवायला सेन्सर असतो. चार नंबरच्या प्रेसचा सेन्सर उन्हाळ्यातच बिघडला होता. दुरुस्त करायचा तर मशीन बंद ठेवावं लागणार, म्हणून तो बायपास केला. दोन हातांनी दाबायची दोन बटणं होती, त्यातलं एक तार बांधून कायमचं दाबून ठेवलं, म्हणजे एक हात पत्रा सरकवायला मोकळा राहतो आणि कामाला वेग येतो. सुपरवायझर उद्धवरावांना पोरांनी दोन-तीनदा सांगितलं. ते म्हणाले, "मालकांच्या कानावर घालतो." मालकांच्या कानावर काय गेलं देव जाणे, पण श्रावणात निरोप आला की प्रेस शॉपच्या भिंतीवर देवी काढायची, खंडेनवमीला तिच्यासमोर मशीनची पूजा होईल, आम्ही माल पुरवतो त्या मोठ्या कंपनीचे पाहुणे येतील. मागितला होता सेन्सर, मिळाली देवी. आणि आम्ही खूश झालो! त्या दिवशी चहाच्या वेळी लोक पेढे वाटल्यासारखे बोलत होते.

ताईंचं नाव सुचवलं त्यांच्याच मुलीने. हर्षाली आमच्याकडे कंत्राटावर हेल्पर होती. वय बावीस-तेवीस, आईसारखीच हाताची कारागीर. देवीचे दागिने, नथ, पदराचे काठ घरी तीच काढायची. कुणाच्याही लग्नात मेंदीला हर्षाली. मार्गशीर्षात तिचा साखरपुडा ठरला होता आणि स्वतःच्या हातावर कुठली मेंदी काढायची यावरच तिचं निम्मं बोलणं असायचं. त्या पोरीचे हात बघत राहावेत असेच होते, यात काही खोटं नाही.

पहिल्या दिवशी ताई शॉपमध्ये आल्या, दाराशीच थांबल्या. प्रेसचे दणके चालू होते, पायाखालची फरशी हादरत होती. त्यांनी सगळीकडे एकदा नजर फिरवली आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "रुपाली, इथं थोरली आधीच येऊन बसलीय गं." मी हसण्यावारी नेलं. 

महिषासुराला मारणारी अठरा हातांची देवी काढायची ठरलं. ताईंचा एक नियम होता. देवीचा चेहरा त्या मनाने काढत, पण हात कधीच मनाने काढत नसत. हात उसना घ्यायचा, जित्या माणसाचा. त्याला समोर बसवायचं आणि तोच हात भिंतीवर उतरवायचा. कारण विचारलं तेव्हा सांगितलं, "महिषासुर कुणालाच आवरंना, तवा सगळ्या देवांनी आपापलं तेज काढून दिलं. कुणी तोंड दिलं, कुणी केस, कुणी हात. हाताची बोटं अष्टवसूंनी दिली. हिचं स्वतःचं असं काहीच न्हाई, सगळं दुसऱ्यांनी दिलेलं."

"म्हणजे आपल्या चाकणच्या गाडीसारखंच," मी म्हटलं. "दरवाजा एका कंपनीचा, सीट दुसरीचं."

"हाव, तसंच. एकानं जरी हात आखडला तर उभी राहणार न्हाई."

मग काय, प्रेस शॉपमध्ये जत्राच. शिफ्ट सुटली की एकेक जण ताईंसमोर डब्यावर बसायचा. माझ्या हातात त्यांनी घंटा दिली. माझ्या तोंडाकडे बघून दिली असं सगळा शॉप म्हणाला, म्हणू दे. वर्षाली म्हणून सांगोल्याकडची एक पोर होती, कमी बोलणारी, तिच्या डाव्या हाताला शंख मिळाला. रणजीतला गदा. सावळाराम कुरुळीचा, शॉपमधला सगळ्यात जुना माणूस. त्याची दोन बोटं फार पूर्वी दुसऱ्या एका कंपनीत गेलेली. तो म्हणाला, "ताई, माझ्या तीन बोटांत त्रिशूळ मावतोय का बघा. न्हाई मावला तर आमी हायेच धरायला." ताईंनी त्याच्या हातात त्रिशूळ दिला, पण बोटं पाचही काढली. देवी खंडित चालत नाही. भंगलेल्या मूर्तीची पूजा कुणी करत नाही, तिला पाण्यात सोडतात. सावळारामने भिंतीवरच्या पूर्ण हाताशेजारी आपला तीन बोटांचा पंजा धरून बघितला. मग नेहमीसारखा खोकला आणि घरी गेला.

कमळाचा हात ताईंनी शेवटी ठेवला. तो हर्षालीचा होता.

भाद्रपदात रणजीतचं झालं. त्याचा पंजा काढून झाला होता, बोटं व्हायची होती. ताई म्हणाल्या, उरलेलं गुरुवारची सुट्टी झाल्यावर करू. बुधवारी दुपारी चार नंबरवर रणजीतची दोन बोटं गेली. मी पॅकिंगच्या चिंध्यांनी त्याचा हात बांधला. मालकांच्या गाडीतून त्याला नेलं, आणि मशीन पुसून तासाभरात पुन्हा चालू केलं.

संध्याकाळपर्यंत शॉपभर एकच बोलणं. ताईंनी भिंतीवर जी दोन बोटं सोडली होती, नेमकी तीच गेली! मी ओरडून सांगितलं की अरे, दोन कुठली, भिंतीवर सगळीच बोटं राहिली होती, जाऊन बघा. कुणी बघायला गेलं नाही. उलट दुसऱ्या दिवसापासून ताईंभोवती घोळका. ज्यांचे हात अर्धे होते ते रडकुंडीला आले. ज्यांचे काढायचेच राहिले होते ते हात चोरून फिरायला लागले. आणि ज्यांचे नखांसकट पूर्ण झाले होते, त्यांना असं काही बळ चढलं की ते चार नंबरवर हसत बसायला लागले. एकाने तर बोटं आत घालून दाखवली, बघा काही होत नाही म्हणून.

उद्धवराव काही वाईट माणूस नाहीत. पण माल वेळेवर गेला नाही तर बोलणी त्यांनाच बसतात. चार नंबरवर बसायला पूर्वी सगळे कां-कूं करायचे. आता त्यांना युक्ती सापडली. सकाळी शिफ्ट लावताना ते भिंतीकडे बघत आणि विचारत, "तुझा हात झालाय ना? मग बस चारवर." ज्याचा झालाय तो नाही कशाला म्हणेल? नाही म्हणणं म्हणजे देवीवर भरवसा नाही असं होणार. सेन्सरचं नाव मग कुणी काढेना. तार तशीच बांधलेली.

ताईंच्या हे लक्षात आलं तेव्हा त्या माझ्या टेबलापाशी येऊन बसल्या. "मी त्यांचे हात काढायली न्हाई गं रुपाली, त्यांना मशीनवर चढवायली." त्या दिवसापासून त्यांचं काम एकदम मंदावलं. सिंहाची आयाळ चार-चार दिवस चालली. महिषासुराच्या शिंगांना उगाच पुन्हा रंग. कमळाच्या हाताला मात्र त्यांनी ब्रश लावला नाही. नुसती खडूची रेघ ठेवली, मनगटापर्यंत. जोवर हर्षालीचा हात भिंतीवर येत नाही, तोवर उद्धवराव तिला चारवर बसवणार नाहीत, हा त्यांचा हिशेब होता. तो बरोबरच होता.

पण पोरीला हे कोण सांगणार? सांगितलं तरी पटत नव्हतं. तिला उलटीच भीती. सगळ्यांचे पूर्ण झाले, एकटीचाच अर्धा. रणजीतचाही त्या दिवशी अर्धाच होता, पाच बोटं ताईंनी मागाहून काढली. बायका तिच्याकडे बघून जीभ चावायच्या. एकदा डबा खाताना ती आईवर फिसकारली, मी समोरच होते.

"आई, सगळ्या गावाचे हात काढलेस. माझ्याच हाताला तुझा ब्रश का चालत नाही? माझी बोटं गेल्यावर काढणार आहेस?"

"तोंड आवर. अर्धा हाय म्हणून तू सुखानं जेवायलीस."

"मला झोप लागत नाही, आई. पत्रा उचलला तरी आधी बोटं मोजते."

ताईंनी डबा झाकला आणि उठून गेल्या. दोघींपैकी एक मशीनला भीत होती, दुसरी भिंतीला, आणि मधल्यामधे मी भाकरी हातात धरून बसले होते. 

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सकाळी ताई रंगाचे डबे घेऊन आल्या. शेवटचा हात फिरवायचा होता. पाहुणे येणार म्हणून शॉप धुऊन काढलेला, झेंडूच्या पाट्या दाराशी येऊन पडलेल्या. ताई भिंतीसमोर गेल्या आणि तिथेच खिळल्या. कमळाचा हात पूर्ण झाला होता. पाच बोटं, करंगळी किंचित बाहेर, नखांवर गुलाबी रंगाची बारीक रेघ, तळव्यावर मेंदीची वेलबुट्टी. देवीच्या सगळ्या हातांत तोच सुंदर होता. जिन्याखाली ठेवलेले आईचे रंग काढून हर्षालीने शिफ्ट सुरू व्हायच्या आधी स्वतःच तो काढला होता. रंग अजून ओला होता.

ताईंनी मान वळवली. चार नंबरवर हर्षाली बसलेली.

त्या पळाल्या त्या मशीनकडे नाही, भिंतीकडेच. टर्पेंटाइनचा बोळा उचलला आणि कमळ, बोटं, मेंदी, सगळं खसाखसा पुसायला लागल्या. "हिचा हात झालेला न्हाई!" अशा ओरडल्या की प्रेसच्या दणक्यांतूनही ऐकू गेलं. "मी काढलेला न्हाई! बघा, न्हाई झालेला! उठवा तिला!"

सगळा शॉप थांबला. भिंतीवर कमळाच्या जागी गुलाबी-तपकिरी फरांटा. हर्षाली पांढरीफटक. उद्धवराव रागाने काही बोलणार होते, पण पोरंच पुढे झाली. पुसलेल्या हाताची मुलगी मशीनवर बसवायची म्हणजे काय! त्यांनीच तिला दंडाला धरून उठवलं. ताईंनी तिचं मनगट घट्ट पकडलं आणि ओढत माझ्या टेबलाशी आणून बसवलं.

उद्धवरावांनी भिंतीकडे पाहिलं. "वर्षाली, तुझा झालाय ना? ये, बस."

वर्षाली उठली. देवीकडे बघून तिने हात छातीला लावला आणि चार नंबरवर जाऊन बसली. ताईंनी ते पाहिलं. त्यांचं तोंड उघडलं होतं, मी बघत होते. पण त्यांच्या मुठीत हर्षालीचं मनगट होतं, ते त्यांनी आणखी आवळलं. मशीन सुरू झालं.

जेवणाच्या सुट्टीला थोडा वेळ होता. दणके एका लयीत चालले होते, त्यामुळे कुणाचं लक्ष नव्हतं. मग ते एकदम बंद झाले. किंकाळीबिंकाळी काही नाही, वर्षाली मुळातच कमी बोलणारी. पत्र्याची चळत तेवढी खाली कोसळली. डाव्या हाताची तीन बोटं.

खंडेनवमीला सकाळी आम्ही कामावर आलो तेव्हा ताई आमच्याही आधी येऊन शिडीवर चढलेल्या होत्या. खाली शिडी धरून सावळाराम. त्याने वॉचमनला काय सांगून दार उघडून घेतलं कुणास ठाऊक. ताई भराभर रंगवत होत्या. त्रिशूळ तीन बोटांत आला होता. गदेच्या दांड्यावर दोन बोटं कमी झाली होती. शंख अंगठा आणि एका बोटाने धरलेला, पडेल की काय असा. कमळाच्या जागी नुसता फरांटा ठेवला होता. बाकीच्या हातांना, माझ्या घंटेच्या हाताला, त्यांनी धक्का लावला नव्हता. देवीचा चेहरा तोच, पण आता तिच्याकडे बघवत नव्हतं.

पाहुणे आले, मालक आले, भटजी आले. प्रेसपुढे कोहळा मांडलेला, कुंकू कालवलेलं. भटजींनी तबक उचललं, वर पाहिलं आणि तबक खाली ठेवलं. "ही खंडित आहे. हिच्यापुढे पूजा होणार नाही."

मालक ताईंवर धावून आले. "आत्ताच्या आत्ता नीट करा ते. पाहुणे उभे आहेत."

"मी बघितले तसे काढले," ताई शिडीवरूनच म्हणाल्या. "बोटं आणून द्या, लगेच काढते."

पूजा झाली नाही. आणि पूजा न झालेल्या मशीनला आमच्याकडे कुणी हात लावत नाही. दसऱ्याला नाही, त्यानंतरही नाही. पोरं मशीनशेजारी नुसती बसून राहिली, झेंडू दाराशीच सडला. सेन्सर मागून जे झालं नव्हतं ते तसं झालं. मशीन बंदच होतं, तेवढ्यात माणसं आली, तार काढली, नवीन सेन्सर बसवला. भिंतीला पांढरा रंग दिला, मग पूजा होऊन मशीन सुरू झालं. तो सेन्सर किती दिवस टिकू देतील, मला माहीत नाही. मी रोज बघते. आणि ताईंना आता आमच्या भागात कुणी देवी काढायला बोलवत नाही.

त्या खंडेनवमीला दुपारीच आम्ही दवाखान्यात गेलो. ताई, हर्षाली आणि मी. वर्षालीच्या हातावर मोठं बँडेज होतं, ते उशीवर उंच ठेवलेलं. तिने ताईंना ओळखलं. रडत नव्हती. एखादी शंका विचारावी तसं तिने विचारलं.

"ताई, माझा हात तर तुम्ही पूर्ण केला होता ना? नखंसुद्धा काढली होती."

ताई पलंगाच्या दांड्याला धरून उभ्या राहिल्या. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या हर्षालीने आपले दोन्ही हात हळूच ओढणीखाली घेतले.